तीन किल्ल्यांची गाडी

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

 

आधी एक आवाज ऐका. ऐकलात? हा किल्ल्यांचा जुडगा आहे. यात तीन किल्ल्या आहेत आणि गाडी एकच. आजचा भाग या तीन किल्ल्यांवर आहे. एरवी आपण फोन, ॲप, पासवर्ड यावर बोलतो. आजही खरं तर पासवर्डवरच बोलणार आहोत, फक्त तो लोखंडाचा आहे. सेकंडहँड गाडी घ्यायचा विचार असेल, किंवा घरात नुकतीच आली असेल, तर शेवटपर्यंत ऐका. मी केलेली चूक एक प्रश्न विचारून टाळता आली असती.

तर झालं असं. मागच्या दिवाळीच्या आधी मी पहिली गाडी घेतली. सेकंडहँड हॅचबॅक, २०१४ची, पेट्रोल. कंपनीचं नाव घेत नाही, डीलरचंही घेत नाही. मी इंजिनीअर माणूस, त्यामुळे घ्यायच्या आधी शीट बनवली होती. टायर, ऑइल, बॅटरी, एसी. ॲपवर आरसी तपासली, कर्जाचा बोजा नाही ना ते पाहिलं, इन्शुरन्स कधी संपतोय ते पाहिलं. एकूण चौतीस मुद्दे. चौतीस! आणि त्यात ‘किल्ली’ हा शब्द एकदाही नव्हता.

डिलिव्हरीच्या दिवशी डीलरनं हार घातला, पेढा दिला, फोटो काढला आणि हातात जुडगा ठेवला. म्हणाला, “सर, ही काळ्या मुठीची आहे ना, हिच्यावर गाडी स्टार्ट होते आणि डिकी उघडते. ही साधी आहे, ती ड्रायव्हरच्या दरवाजाची. आणि ही छोटी पेट्रोलच्या झाकणाची.”

मी विचारलं, “तीन का?”

“जुन्या गाडीत असतंच सर.”

“आणि स्पेअर किल्ली?”

“ती पहिल्या ओनरकडून हरवली. तुम्ही कुठंही डुप्लिकेट करून घ्या, दोनशे रुपयांत होतं.”

मी पेढा खाल्ला आणि निघालो. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझ्या गाडीला थ्री फॅक्टर ऑथेंटिकेशन आहे. लोक हसले, मीही हसलो. चार-पाच महिने तो जोक चालला.

मग मार्च आला. माझी आजी साताऱ्याला मामाकडे असते. वय ८१. ती मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन शनिवारी सकाळी सात-सव्वासातला ठरलं. आईला तिला आत नेण्याआधी भेटायचं होतं. दुसरं काही नाही, फक्त भेटायचं होतं. आम्ही धनकवडीतून पहाटे चारला निघालो.

पेट्रोल कमी होतं, ते मला माहीत होतं. शुक्रवारी भरायचं राहिलं. म्हटलं, हायवेला भरू. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याला काट्याखालचा दिवा लागला. शिरवळजवळ पंप दिसला, गाडी लावली, पंपावरचा मुलगा आला, आणि मी जुडगा बघितला तर त्यात दोनच किल्ल्या.

तिसरी कुठे होती? लॅपटॉपच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. घरी. जुडगा जाड होतो, गुडघ्याला लागतो, म्हणून मीच ती काढून ठेवली होती.

काही गाड्यांत सीटजवळ खटका असतो, तो ओढला की पेट्रोलचं दार उघडतं आणि आतलं झाकण हातानं फिरतं. माझ्या गाडीत झाकणालाच कुलूप आहे. दोन्ही किल्ल्या घालून बघितल्या, आतच जाईनात. स्क्रू-ड्रायव्हर मागितला, तर पंपावरचा मुलगा म्हणाला, “दादा, पंपावर हत्यार लावायचं नाही.” त्याचं बरोबरच होतं. गाडी ढकलून बाहेर घेतली, मोबाइलच्या उजेडात टॉमीनं खटपट केली. झाकण तसूभर हललं नाही, माझ्याच बोटाचं सालपट निघालं. पंक्चरवाल्याचं शटर बंद. पुढे खंबाटकी घाट, सातारा अजून साठेक किलोमीटर आणि काटा तळाला. घाटात आईला घेऊन बंद पडायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी गाडी तिथेच सोडली आणि एसटीला हात दाखवला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. आजीला सव्वासातला आत नेलं होतं. मामा म्हणाला, “जाईपर्यंत विचारत होती, आली का म्हणून.”

आई मला काही बोलली नाही. एसटीतही नाही, दवाखान्यातही नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. अडीच तास ती ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत बसली होती आणि मी खिशातल्या दोन किल्ल्या चाळवत होतो.

आजी बरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. वॉकर घेऊन चालते आणि सगळ्यांना कामाला लावते. पण त्या दिवशी ते आम्हाला माहीत नव्हतं.

सोमवारी सुट्टी टाकून मी चावीवाल्याकडे गेलो. फुटपाथवर मशीन घेऊन बसतात ते नाही. गाड्यांच्या चाव्यांचंच काम करणारे एक काका आहेत, छोटंसं दुकान. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी काय मागितलं माहितीये? आरसी आणि आधार. दोन्ही बघितली, चेहरा बघितला, फोटो काढून ठेवला. मला जरा रागच आला. मग वाटलं, गाडी विकणाऱ्यानं मला जेवढे प्रश्न विचारले नव्हते तेवढे हे कुलूप उघडण्यासाठी विचारतायत. बरोबर माणूस सापडला.

काकांनी तिन्ही किल्ल्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, “कुठली कशाला लागते ते सांग.” मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे स्टार्टर आणि डिकी एकाच चावीवर. ती मूळची. दरवाजा वेगळा, म्हणजे दरवाजा बाहेरून आलाय. झाकण तर लोकल आहे. गाडी डाव्या-उजव्या कुठल्या बाजूनं ठोकलीय ते विचारलंस का?”

मी म्हटलं, “डीलर म्हणाला, नॉन-ॲक्सिडेंटल आहे.”

काका उठले, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि बिजागरीचे बोल्ट दाखवले. बाकीच्या दरवाजांच्या बोल्टवर कंपनीचा रंग अखंड होता. या दरवाजाच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालेला. मग काचेचा कोपरा दाखवला. गाडीच्या प्रत्येक काचेवर कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का असतो, त्यात बहुतेक वेळा वर्षाची खूणही असते. बाकी काचांवर एक खूण, या काचेवर दुसरीच. पाच महिने मी रोज त्या काचेतून बाहेर बघत होतो.

आता इथे दोन मिनिटं थांबू आणि किल्ली म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपण जिला किल्ली म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, लोखंडी पातं. कुलपाच्या आत एक गोल सिलिंडर असतो आणि त्यात ओळीनं पातळ पितळी पत्त्या असतात. प्रत्येकीला बारीक स्प्रिंग, प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीवर. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पत्त्या सिलिंडरच्या आत सपाट बसतात आणि तो फिरतो. एक जरी पत्ती बाहेर डोकावली तरी अडकतो. म्हणजे किल्लीचे दाते हा पासवर्ड आणि पत्त्या ही त्याची आतली नोंद. पत्त्यांचा क्रम बदलला की पासवर्ड बदलला. पूर्ण कुलूप फेकायची गरज नसते.

दुसरी, मुठीतली चिप. हिला बॅटरी लागत नाही. आपलं मेट्रोचं कार्ड जसं गेटवर टेकवलं की चालतं, साधारण तसं. स्टार्टरच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, ते चिपला जवळ आल्यावर जागं करतं, चिप आपली ओळख सांगते आणि गाडीचा कॉम्प्युटर ती यादीत आहे का ते बघतो. नसेल तर किल्ली फिरते, पण इंजिन चालू राहत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात तो १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. म्हणून तो ‘दोनशे रुपयांत डुप्लिकेट’वाला सल्ला अर्धाच खरा आहे. दोनशेत लोखंड मिळेल. दरवाजा उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही.

तिसरी, रिमोटची बटणं. लॉक-अनलॉकपुरती, हिला बॅटरी लागते. रिमोट बंद पडला तरी चिप चालू असते, कारण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

तर परत दुकानात. काका म्हणाले, “सोपं काम आहे. दरवाजाचा सिलिंडर काढतो, पत्त्या बदलून काळ्या चावीला जुळवतो. झाकण कंपनीचं नवीन घेऊ, तेही हिलाच जुळवू. एक चावी, सगळी गाडी.”

मला तेच हवं होतं. मी हो म्हणणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, “हिची जोडीदार कुठाय?”

“पहिल्या मालकाकडून हरवलीय म्हणे.”

“म्हणे?”

बस, एवढंच. “म्हणे?” आणि माझ्या पोटात गोळा आला.

विचार करा. काळी किल्ली मूळची. कंपनीनं तशा दोन दिल्या होत्या. दुसरी कुठेतरी आहे. पहिल्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये असेल, डीलरच्या टेबलात असेल, मधे गाडी चालवलेल्या एखाद्या ड्रायव्हरकडे असेल, किंवा खरंच गटारात गेली असेल. पण ती जिथे आहे तिथे तिच्यातली चिप माझ्या गाडीच्या यादीत अजून होती. त्या किल्लीनं माझी डिकी उघडत होती. हॅचबॅकच्या डिकीतून आत यायला किती वेळ लागतो? आणि आत आल्यावर गाडी सुरूही होत होती. पाच महिने! गाडी रोज रात्री रस्त्यावर उभी.

एवढ्या काळात बाहेरच्या किल्लीला नकार देणारी एकच गोष्ट होती, तो न जुळणारा दरवाजा. आणि मी तोच जुळवायला निघालो होतो.

ऑफिसात माझं काम काय आहे माहितीये? कोणी कंपनी सोडली की त्याच संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद करायचं. सगळे ॲक्सेस काढायचे, टोकन रद्द करायची. एकाचा ॲक्सेस दोन दिवस जास्त राहिला म्हणून मी एका ज्युनिअरला मीटिंगमध्ये सुनावलं होतं. आणि स्वतःच्या गाडीत एका अनोळखी माणसाचा ॲक्सेस पाच महिने चालू. कागद माझ्या नावावर झाले होते, फॉर्म २९, फॉर्म ३०, सगळं व्यवस्थित. पण कुलूप आरसी वाचत नाही. त्याला फक्त दाते कळतात.

आजीला हे नंतर सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, घर घेतलं की आधी कुलूप बदलतात. हे काय शिकवायला लागतं?” भाड्याच्या फ्लॅटचंही कुलूप मी पहिल्या दिवशी बदललं होतं. गाडीच्या बाबतीत डोक्यात आलंच नाही.

मग काय केलं ते सांगतो, कारण तुम्हालाही हे करून घेता येतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं. त्यांनी पूर्ण नवा लॉकसेट सुचवला. स्टार्टर, दरवाजा, डिकी, झाकण आणि दोन किल्ल्या. साडेअकरा हजार, कोडिंग वेगळं आणि पार्ट यायला तीन आठवडे. हा मार्ग चांगला आहे. कुलपं घासून ढिली झाली असतील तर हाच घ्या.

माझी कुलपं घट्ट होती. काकांनी दुसरा मार्ग काढला. दाते अगदी नवीन ठरवले, म्हणजे काळीही नाही आणि साधीही नाही. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं, किल्ली एका ठरावीक जागी फिरवून बारीक पिन दाबली आणि स्टार्टरचा सिलिंडर अलगद बाहेर आला. चालणारी किल्ली हातात असेपर्यंत हे सोपं असतं. एकही किल्ली नसेल तर तोडफोड आणि खर्च दोन्ही वाढतात. मग दरवाजाचा, डिकीचा आणि नव्या झाकणाचा सिलिंडर. चारही ठिकाणच्या पत्त्या नव्या दात्यांप्रमाणे लावल्या. दरवाजा याच मॉडेलच्या गाडीचा होता, म्हणून त्याचं भोक त्याच आकाराचं होतं. ते लोकल झाकण मात्र जुळण्यातलं नव्हतं.

नंतर चिप. जुन्या मुठीतली चिप नव्या किल्लीत बसवली, दुसऱ्या किल्लीत नवी चिप. मग डॅशबोर्डखालच्या सॉकेटला मशीन लावून गाडीच्या यादीतल्या सगळ्या चिप पुसल्या आणि फक्त या दोन नोंदवल्या. यादी पुसताना आपल्या सगळ्या किल्ल्या समोर लागतात, घरी राहिलेली किल्लीही बाद होते, हे लक्षात ठेवा. दोन-अडीच तास लागले, सगळे मिळून सहा हजार गेले. शेवटी काकांनी जुनी काळी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “बघ लावून.” दरवाजा नाही, डिकी नाही, स्टार्टर नाही. मला इतका आनंद गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

डीलरला फोन केला. “सर, मायनर काम होतं, ते ॲक्सिडेंटमध्ये धरत नाहीत.” मी वाद घातला, त्यानं आवाज चढवला, पैसे काही परत आले नाहीत. पण एक गोष्ट मिळवली. एक किल्ली कमी दिली हे त्याच्याकडून लेखी घेतलं. का? गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले साधारणपणे सगळ्या किल्ल्या मागतात. ‘दुसरी कुठे’ याचं उत्तर त्या दिवशी शोधायला लागू नये. ते पत्र, काकांचं बिल आणि जुनी किल्ली एका पाकिटात ठेवलीय, आणि इन्शुरन्स कंपनीला मेलही केलाय. मेकॅनिककडून खांब आणि चासी तपासून घेतली, ती सरळ आहे. दरवाजाच बदलला होता, एवढं नशीब.

आता गाडी बघायला जाणार असाल तर ही पाच मिनिटं द्या.

एक. किल्ल्या मागा, सगळ्या. आणि प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावून बघा. रिमोटनं नाही, पात्यानं. ड्रायव्हरचा दरवाजा, डिकी, झाकण, स्टार्टर. हातात मोबाइल असतो म्हणून व्हिडिओ काढून ठेवा.

दोन. न जुळणारं कुलूप कुठलं ते बघा. एकच दरवाजा वेगळा असेल तर तो बदललेला असू शकतो. बोल्ट आणि काचेचा शिक्का बघा. दरवाजा-डिकी एकाच किल्लीवर आणि स्टार्टरच वेगळा असेल तर जास्त सावध व्हा. कुलूप खराब झालं म्हणूनही बदललेलं असेल, पण कोणी फोडलेलंही असू शकतं. बिल मागा. चासी नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा, एकेक अक्षर जुळवा; ती सतरा अक्षरं आणि आकडे असतात. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना, ते तपासा. मी हे सगळं घेतल्यानंतर केलं, आणि ती रात्र झोप लागली नाही.

तीन. मूळच्या किल्लीबरोबर बऱ्याच गाड्यांना पत्र्याचा छोटा बिल्ला येतो, त्यावर किल्लीचा नंबर असतो. तो मागा. घासलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढलं तर घासही कॉपी होते. नंबरवरून काढलेली किल्ली नव्यासारखी बसते.

चार. दुसरी किल्ली नसेल तर कुलपं बदलायचा खर्च आधीच किमतीतून वजा करा, आणि ‘एकच किल्ली दिली’ हे लेखी घ्या.

पाच. दोन्ही किल्ल्या असल्या तरी गाडी नावावर झाली की चिपची यादी पुसून नव्यानं नोंदवून घ्या. तिसरी कोणी बनवली होती का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि सहावं, यादीत नसलेलं. पेट्रोल आदल्या रात्री भरा.

मागच्या आठवड्यात आईला घेऊन साताऱ्याला गेलो होतो. निघताना तिनं हात पुढे केला. मला वाटलं, पाण्याची बाटली मागतेय. म्हणाली, “दुसरी किल्ली माझ्याकडे दे.” दिली. आता ती तिच्या पर्समध्ये असते, देवीच्या फोटोच्या कप्प्यात. शिरवळला पंप आला तेव्हा टाकी भरलेली होती, तरी तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आहे गं, फुल आहे.”

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीची दुसरी किल्ली आत्ता कुठे आहे ते आठवा. आठवत नसेल तर हा भाग संपल्यावर लगेच शोधा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.